फ्रीजवर लागलेला निकाल

"या घरात फॉर्म भरावा तर मीच! एक खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. दहा मिनिटांत काम फत्ते!"

सोमवारी दुपारी सरांनी ही घोषणा केली तेव्हा ऐकायला घरात फक्त त्यांची पत्नी होती, आणि तीही भाजी निवडत होती. आपण तिला वहिनी म्हणू. वहिनींनी मान वर केली नाही. सरांच्या घोषणांना मान वर करत बसल्या असत्या, तर अडतीस वर्षांत घरात एक भाजी निवडून झाली नसती.

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली वीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते सरकारचे आणि बँकेचे नवे नियम तपासू लागले. चेक एका दिवसात वटणार असं वाचलं, की हे स्वतःलाच चेक लिहून वटतो का ते बघून येणार. बँकेनं केवायसी मागितलं, की हे तीनदा देणार. शेवटी बँकेनं हात जोडून सांगितलं, "सर, आता आम्ही तुम्हाला पुरतं ओळखलं."

आणि अशा माणसाच्या हाती हा नवा नियम पडला! पूर्वी बँकेच्या खात्याला एकच नॉमिनी लावता येई. म्हणजे आपण गेल्यावर बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे, त्या माणसाचं नाव. आता म्हणे चार नावं देता येणार, आणि प्रत्येक नावापुढे त्याचे टक्के लिहायचे. टक्के! सरांचे डोळे असे चमकले, की वहिनींना वाटलं लॉटरीच लागली.

फॉर्म त्यांच्याकडे तयार होताच. खिशातलं पेन काढलं. ते लाल होतं. ज्या खिशात आयुष्यभर लाल पेन राहिलं, त्यात दुसरं येणार कुठून? बायको पस्तीस, मुलगा पंचवीस, मुलगी पंचवीस, थोरली बहीण आक्का पंधरा. बेरीज शंभर. दहा कसले, सहाच मिनिटं लागली!

इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण उजवीकडे समास कोरा होता, आणि नुसते गुण देऊन शेरा न लिहिणं सरांना कधी जमलं नव्हतं. हात आपोआप चालला. मुलापुढे लिहिलं, 'क्षमता आहे, प्रयत्न नाहीत.' मुलीपुढे, 'हुशार, पण बडबड फार.' आक्कांपुढे, 'वयोमानानुसार ठीक.' आणि बायकोपुढे, 'समाधानकारक.'

मग कागद हरवू नये म्हणून त्यांनी तो फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावला आणि फिरायला निघून गेले. निकाल लागला की मास्तरांनी त्या बाजूला थांबायचं नसतं, हा शाळेतला जुना शिरस्ता.

परत आले तेव्हा वहिनी फ्रीजसमोर उभ्या होत्या. हातातल्या पातेल्यातलं दूध केव्हाच निवलं होतं.

"हे काय आहे?"

"फॉर्म. बँकेचा."

"माझ्यापुढे पस्तीस लिहिलंय."

"सगळ्यांत जास्त आहेत! पहिली आलीस तू!"

"अडतीस वर्षं संसार केला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वर्षाला एक टक्का धरला तरी अडतीस होतात. तीन कापले कशाचे?"

सर गणिताचे शिक्षक होते. हे उदाहरण त्यांना सुटलं नाही. खरं तर कारण साधं होतं. घर वहिनींच्याच नावावर होतं, पेन्शनही पुढे त्यांनाच मिळणार होती. पण हे सांगायच्या आत दुसरा प्रश्न आला.

"आणि 'समाधानकारक' म्हणजे?"

"म्हणजे चांगलंच की!"

"मग 'चांगलं' असं का नाही लिहिलं?"

"छे! 'चांगलं' मी सहसा देत नाही. चौतीस वर्षांत एकदाच दिलं."

"कोणाला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला कळतं. सरांना कळलं नाही. ते रंगात येऊन म्हणाले, "दहावी ब मध्ये एक मुलगी होती. काय तिची भूमिती! वर्तुळ काढावं तर तिनंच!"

वहिनींनी पातेलं ओट्यावर ठेवलं. त्या क्षणापासून त्या सरांशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पहिले दोन तास सरांना वाटलं, बरं आहे, शांतता आहे. तिसऱ्या तासाला ते घरभर फेऱ्या मारू लागले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, पुन्हा दिवाणखान्यात. "चष्मा कुठं आहे गं?" उत्तर नाही. "आज गुरुवार ना?" सोमवार होता, तो मुद्दाम चुकवला होता. तरीही उत्तर नाही! सोमवारला गुरुवार म्हटलेलं वहिनींनी ऐकून घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

संध्याकाळी मुलगा ऑफिसमधून आला. पाण्याची बाटली काढायला फ्रीजकडे गेला आणि तिथेच खिळला.

"बाबा, प्रयत्न नाहीत? माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत!"

"म्हणून तर क्षमता आहे असं म्हटलं."

मागून सूनबाई आली. तिनं कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि गोड आवाजात विचारलं, "बाबा, मी गैरहजर आहे का?"

"तसं नाही गं. जागाच चार. चारांत पाचवा बसवायचा कसा?"

"नाही नाही, मी आपलं सहज विचारलं," असं म्हणून तिनं फ्रीजचं दार इतकं सहज लावलं, की आतल्या दोन बाटल्या आडव्या झाल्या. मग तिनं कागदाचा फोटो काढून नणंदेला पाठवला. गंमत म्हणून.

पाचव्या मिनिटाला मुलीचा फोन. "बाबा, मी बडबड करते? मी?" आपण मुळीच बडबड करत नाही, हे ती पुढची चाळीस मिनिटं सांगत होती. सरांना मधे 'हं' म्हणायलाही फट मिळाली नाही. त्यांच्याकडचं बोलणं संपवून तिनं आक्काआत्याला फोन लावला. आणि त्या प्रवासात बातमीचं रूप असं झालं: बाबा सगळ्यांच्या वाटण्या करून बसलेत.

मंगळवारी सकाळी सातला दारात आक्का! वय सत्त्याहत्तर, हातात दोन पिशव्या, डोळ्यांना धार.

"बाळ्या! डॉक्टर काय म्हणाले रे?"

"कोणते डॉक्टर?"

"माझ्यापासून लपवू नकोस! किती दिवस दिलेत?"

"आक्का, मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे."

"आमचे हे पण असंच म्हणाले होते," आक्का हुंदका देऊन म्हणाल्या, आणि अडुसष्ट वर्षांच्या बाळ्याला खुर्चीत दाबून बसवून त्याचं कपाळ चाचपू लागल्या. सूनबाई म्हणाली, "आत्या, आधी पाणी प्या." आक्का स्वतःच उठून फ्रीजकडे गेल्या. हुंदके थांबले. मग आतून प्रश्न आला, आणि त्यात रडण्याचा मागमूस नव्हता.

"पंधराच?"

दुपारपर्यंत खालच्या मजल्यावरचे वकील मृत्युपत्राची चौकशी करून गेले. समोरच्या बाई फळं घेऊन आल्या, सरांनीच दार उघडलेलं पाहून गोंधळल्या, आणि फळं परत घेऊन गेल्या.

सरांनी ओळखलं, आता ग्रेस मार्कांशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी एकेकाला बाजूला घेतलं. मुलाला गॅलरीत नेऊन सांगितलं, "तीस करतो. कोणाला बोलू नकोस." मुलीला फोनवर तीस दिले. आक्कांना देवघराच्या दाराशी पंचवीसवर नेलं. शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी वहिनींच्या पाठीला सांगितलं, "हे बघ, पन्नास! आजवर एवढी वाढ मी कोणालाही दिलेली नाही."

पाठ काही बोलली नाही. पोळपाट थोडा जोरात वाजला, एवढंच.

सरांनी प्रत्येक आकडा खोडून नवा लिहिला आणि प्रत्येक खाडाखोडीवर शिस्तीत आद्याक्षरं टाकली. बेरीज मात्र केली नाही. बोर्डात परीक्षकानं गुण द्यायचे आणि बेरीज दुसऱ्यानं तपासायची, अशी पद्धत होती. त्या दुसऱ्या माणसावर सरांचा फार विश्वास. तो आता इथे नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी बँकेत पाच जण गेले. इतरांना तिकडे काय मिळतंय हे बघितल्याशिवाय घरी थांबायला कोणीच तयार नव्हतं. मुलगा ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवून आला होता. मुलगी सूनबाईच्या फोनवर होती, म्हणजे तशी सहावी. वाटेत सर आणि वहिनी यांच्यामध्ये आक्का चालत होत्या. सर डावीकडे झाले की वहिनी उजवीकडे होत.

काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म हातात घेतला. पाहिला. चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"काका, हे एकशे पस्तीस टक्के झालेत."

"शक्यच नाही! मी गणिताचा—" सरांनी मनात बेरीज केली. मग बोटांवर केली. मग ते एकदम छताकडच्या पंख्याकडे बघू लागले.

"म्हणजे सगळ्यांनाच वाढवून दिलेत?" मुलगा म्हणाला.

"बाबा, मला एकटीला म्हणाला होतात!" फोन ओरडला.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "हे 'वयोमानानुसार ठीक' कोणत्या रकान्यात टाकू? आमच्या सिस्टीममध्ये असा पर्याय नाही." त्यांनी खातं उघडून पाहिलं. "आणि काका, हे खातं तर जॉइंट आहे. काकू खातेदार आहेत. खातेदाराला स्वतःच्याच खात्याचं नॉमिनी होता येत नाही. तुमच्यापैकी एक गेलं तर खातं आपोआप दुसऱ्याचं."

वहिनी दोन पावलं पुढे आल्या.

"म्हणजे मी या परीक्षेला बसलेच नव्हते?"

"नाही काकू. तुम्ही परीक्षक. तुमच्या सहीशिवाय हा फॉर्म चालायचाच नाही."

सूनबाईनं तत्परतेनं वहिनींसाठी खुर्ची ओढली. मुलानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "आई, तुझा गुडघा कसा आहे गं?" फोनमधून अतिशय मृदू आवाज आला.

"आधीचा नॉमिनी काढून टाकायचा ना?" मॅडमनी विचारलं. "लग्नाआधी खातं उघडलंय काकांनी, काकूंचं नाव नंतर जोडलं; हे नाव तेव्हाचंच आहे. बहीण. पूर्ण रक्कम."

आक्का हळूहळू वळल्या.

"म्हणजे मला शंभर होते? आणि तू पंधरा केलेस, बाळ्या?"

"पंचवीस," सर पुटपुटले. "सुधारित."

"शंभराचे पंचवीस करणं याला सुधारणा म्हणतात का रे तुमच्या बोर्डात?"

सरांना पळून जावंसं वाटत होतं. पण वहिनींनी कोरा फॉर्म मागून घेतला होता आणि निळ्या पेनानं लिहायला घेतलं होतं. आक्का, मुलगा, मुलगी, सून. प्रत्येकी पंचवीस. लिहायला अर्धं मिनिट लागलं. शेरा नाही, खाडाखोड नाही. वहिनींनी खाली सही केली. मॅडमनी ती स्क्रीनवरच्या सहीशी ताडली आणि मान डोलावली.

"काका, आता तुमची."

सरांनी झोकात सही केली.

"जुळत नाही, काका."

सरांनी पुन्हा केली. पुन्हा जुळली नाही. स्क्रीनवरची सही एका तिशीच्या आतल्या तरुणाची होती; ताठ, डौलदार, शेपटीला एक गिरकी. सरांची आताची सही म्हणजे हजारो प्रगतिपुस्तकांवर घाईघाईनं ओढलेली एक रेघ. तिसरी झाली, चौथी झाली. मुलगा घड्याळ पाहू लागला. मागच्या रांगेतला एक गृहस्थ उसासे टाकू लागला. "जरा प्रयत्न करा, काका," मॅडम धीर देत म्हणाल्या, आणि चौतीस वर्षांत हे वाक्य ऐकताना समोरच्या पोराला काय वाटत असेल, हे सरांना पहिल्यांदाच कळलं. पाचवी तर इतकी बिघडली, की ती सरांची आहे असं आक्काही म्हणाल्या नसत्या.

तेवढ्यात शेजारून हात आला आणि त्यानं कागद सरळ केला.

"अहो," वहिनी म्हणाल्या. दोन दिवसांत सरांशी पहिलाच शब्द! सरांच्या हातून पेन पडता पडता राहिलं. "ती लग्नाआधीची सही आहे. तेव्हा तुम्ही सावकाश करायचात. पत्रांच्या खाली यायची ना? आधी नाव पूर्ण लिहा. मग गिरकी."

सरांनी श्वास घेतला. आधी नाव पूर्ण लिहिलं. मग गिरकी.

मॅडमनी स्क्रीन पाहिली, कागद पाहिला, आणि धाडकन शिक्का मारला. मागच्या गृहस्थानं टाळी वाजवली असती, पण त्याच्या हातात पासबुक होतं.

सर ताठ झाले. छाती फुगली. सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बघितलंस? हुबेहूब आली की नाही! म्हटलं होतं ना, फॉर्मचं काम माझ्याकडे!"

"आली की," वहिनी पर्स बंद करत म्हणाल्या. "सहाव्या प्रयत्नात."

आणि आक्कांचा हात धरून त्या दाराकडे चालू लागल्या.