नरसय्यामामांची शिडी

नरसय्यामामांना यंत्र समजून घ्यायचं असलं की आधी माणसं लागतात. पाना नको, मीटर नको, माणसं. जेवणाच्या सुट्टीत ते एकेकाला दंडाला धरून ओळीत उभं करायचे. "तू स्टार्टचं बटन. तू दार. तू सेन्सर." सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले की टोकाचा माणूस, म्हणजे मोटर, स्वतःभोवती फिरायला लागायचा. मधल्या कुणी हात सोडला की मोटर बंद.

मला ते कायम ओव्हरलोड करायचे. मोटर फार तापली की लाइन तोडतो, तो ओव्हरलोड. "साहेब तापले की हात सोडनार," असं ते जाहीर करायचे आणि सगळे खो खो हसायचे. मी खरंच तापायचो. हात झिडकारायचो. मोटर थांबायची.

"बगा, बराबर चाललंय की!" मामा खूश.

आमचा टॉवेलचा कारखाना चिंचोळी एमआयडीसीत. टॉवेल कापून, शिवून, घडी घालून देणारी नवी लाइन येणार होती, आणि ती सगळी पीएलसीवर चालणारी. पीएलसी म्हणजे यंत्राचा मेंदू. सेन्सर आणि बटणं त्याला खबर देतात, आणि मोटर फिरवायची की थांबवायची हे तो आत भरलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे ठरवतो. प्रोग्रॅम दिसतो शिडीसारखा. तो शिकवायला कंपनीनं पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. पंधरा दिवसांचा वर्ग, आम्ही सहा जण. शेवटी परीक्षा. पहिला येईल त्याला नव्या लाइनचा चार्ज.

मी मंगळवेढ्याचा, डिप्लोमा झालेला, दहा वर्षं मेंटेनन्समध्ये. चार्ज माझाच होता. कागद निघायचा तेवढा बाकी होता.

आणि नरसय्यामामा? सातवी पास, सत्तावन्न वर्षांचे, यंत्रांना तेल घालणारे हेल्पर. पूर्वी एका चादर कारखान्यात जेकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली, आणि त्यातून चादरीवर मोर उमटायचा. तो कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. मॅडमनी एक आणि शून्य समजावून सांगितलं, तेव्हा मामा मागच्या बाकावरून म्हणाले, "म्हंजे भोक हाय, आन् भोक न्हाय."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. मी लक्ष ठेवून होतो.

कुणी घाईनं उत्तर द्यायला लागलं की मामा म्हणायचे, "आगू, आगू." तेलुगूत आगू म्हणजे थांब. आधी पीएलसीवरचे बारीक दिवे बघायचे, मगच बोलायचं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की हमखास "आगू", आणि वैताग असा की त्यांचं आगू बरोबर निघायचं.

एकदा मी त्यांची वही चोरून पाहिली. लाल-निळ्या पेन्सिलीनं काढलेल्या शिड्या, आणि पायरीपायरीवर आमची नावं. माझ्या नावापुढे तेलुगूत काहीतरी खरडलेलं. कॅन्टीनवाल्याकडून वाचून घेतलं. 'माणूस चांगला. लवकर गरम होतो.' त्यातलं 'चांगला' मला जास्त झोंबलं.

परीक्षेला टेबलावर एक छोटा पट्टा होता. खोका सेन्सरसमोर आला की पट्टा तीन सेकंद थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मॅडम प्रत्येकासाठी एक बिघाड करून ठेवत. माझा मी वीस मिनिटांत काढला. पुढची पाळी मामांची. मध्ये चहाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले, आणि मी सेन्सरच्या वायरीचा स्क्रू अर्धा ढिला केला.

हो, मीच. मग मीही चहाला गेलो.

मामा आले. पट्ट्यासमोर उकिडवे बसले. "सेन्सरचा दिवा लागतोय," ते पुटपुटले. "पन पीएलसीवरचा लागत न्हाय. डोळ्याला दिसतंय, मेंदूला खबर न्हाय. वाट मदीच तुटली." त्यांनी वायर हलवून पाहिली आणि स्क्रू आवळला. मग प्रोग्रॅम उघडून मॅडमचा खरा बिघाडही काढला. तीन सेकंदांच्या जागी तीस घातले होते. बारा मिनिटं!

"पण वायरीला मी हात लावला नव्हता," मॅडम म्हणाल्या.

"यंत्र हाय मॅडम. हादऱ्यानं ढिलं होतंय." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. हातात माझा स्क्रू ड्रायव्हर होता, मुठीवर माझं नाव रंगवलेला. "टेबलाखाली पडला व्हता, साहेब."

चार्ज त्यांना मिळाला. त्यांनी आम्हा पाचही जणांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. मी गेलो, पण जेवायला नव्हे. हा माणूस घरी कुणाकडून शिकतो, ते मला बघायचं होतं.

शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मामांच्या दोन खोल्या. जमिनीवर सहा ताटं मांडलेली, त्यातली चार शेजाऱ्यांची. घरात दुसरं कुणी नाही. आम्ही दोघं बाकीच्यांची वाट बघत बसलो. एकाचा फोन आला, दुधनीला पाहुण्यांकडे जावं लागलं. दुसऱ्याची गाडी पंक्चर. उरलेल्या दोघांनी फोनही केला नाही. "असू दे, असू दे," म्हणत मामांनी एकेक ताट उचलून भिंतीशी ठेवलं.

"मामा, तो स्क्रू मी..."

"आगू. आदी जेवा."

भात, चिंचेचं सार, मामांच्या भाषेत चारू, वांगी, शेंगाची चटणी. वाईट म्हणजे, फार चांगलं झालं होतं. मी विचारलं, "रिटायर व्हायला वर्ष राहिलं. कशाला शिकलात एवढं?"

ते वाढता वाढता थांबले. "बायको जाऊन चार वर्सं झाली. पोरगं भिवंडीला. मॅडम रोज सकाळी हजेरी घ्यायच्या की. 'नरसय्या' म्हनायच्या, मी 'हजर' म्हनायचो. लई बरं वाटायचं." मग सहा जणांच्या भाताच्या पातेल्याकडे बघत म्हणाले, "आता वर्ग संपला."

माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी ताट पुढं केलं.

"मामा, अजून थोडा भात वाढा."