वरच्या मजल्यावरची धपधप

वर जाऊन नुसते दोन शब्द बोलून यायचे, एवढंच मी ठरवलं होतं. (माझे दोन शब्द किती लांबतात, हे आमच्या जिन्याला विचारा.)

आमचे हे रात्रपाळीचे पहारेकरी. दिवसा झोप झाली नाही तर कामावर पेंगतात, आणि साहेबांनी तंबी दिलीय, पुन्हा डुलकी दिसली तर कायमचे घरी झोपा. त्यात हल्ली भर दुपारी डोक्यावर धप, धप, धप! हे कूस बदलतात, उशी कानावर घेतात, आणि मी गुन्हेगारासारखी छताकडे बघत बसते.

वरच्या शिवणवालीनं दार उघडलं ती घामानं निथळत. आत टीव्हीवर एक बाहुली नाचत होती. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा. बाहुलीसारखं नाचलं की कॅमेरा तारे देतो, असला तो गेम.

“अगं, यांची झोप...”

“काकू, बसा हो! रविवारी लेकीच्या मैत्रिणी येणारेत, आपापल्या आयांना घेऊन. सगळ्या आया नाचणार, आणि मला एक तारा मिळेना! एकदा जमलं की बंद, शप्पथ!”

“आई नाचत नाही काकू, शिवते,” लेक सोफ्यावरून कंटाळून म्हणाली.

खोटं नव्हतं. दिवसभर मशीनवर बसून बिचारीचा एकच पाय चालत होता, तोही पायडल मारल्यासारखा.

म्हणजे हिला तारे मिळेपर्यंत यांना झोप नाही! मी हुश्श करून टेकले. पण गप्प बसण्याची मला सवय नाही, म्हणून उठले आणि तळमजल्यावरच्या जोडप्याचं कालचं भांडण सांगायला घेतलं. माझं बोलणं हातांशिवाय निघत नाही. “त्यानं बादली अश्शी भिरकावली! तिनं दार हे असं आपटलं! मग तो कमरेवर हात ठेवून...”

टीव्हीवर तारेच तारे!

“जमलं! काकू, मला जमलं!”

“आई, कॅमेऱ्यासमोर काकू होत्या,” लेक म्हणाली. “तू कोपऱ्यात होतीस.”

शिवणवाली मटकन खालीच बसली. पदरानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसले. “जाऊ दे. सांग मैत्रिणींना, आईला बरं नाही.”

आता हे कुणाला बघवेल? मी तिला हाताला धरून उठवली. “ऊठ! बाहुली गेली खड्ड्यात. माझ्याकडे बघ आणि भांड!”

आणि भांडली हो! मी बादली फेकली, तिनं बादली फेकली. मी दार आपटलं, तिनं दार आपटलं. भांडणातली बायको नवऱ्यावर तणतणत जिना चढते, त्या वेळी तर दोघींनी अशा उड्या मारल्या की शोकेसमधल्या बरण्या किणकिणल्या. पहिला तारा पडला, दुसरा पडला, आणि लेक सोफ्यावरून उठून आईच्या शेजारी नाचायला लागली. माझं काम झालं.

गुडघे सांभाळत खाली आले. हे गादीवर उठून बसलेले, डोळे लालबुंद, केसांत छताचा चुना.

“ती शिवणवाली बरी होती गं,” हे रडवेल्या आवाजात म्हणाले. “तिच्या त्या एका पायाच्या ठेक्यावर आत्ता कुठं डोळा लागायला लागला होता. आज ही दुसरी कोण अगडबंब बाई आणलीय तिनं?”

“पाहुणी असेल,” मी म्हटलं, आणि लागलेला दम दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवी झाले.