ॲडमिन कौशल्याबाई

पुनावळ्यातल्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या वाळुंज कुटुंबाला आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून एक सॉफ्टवेअर काढून टाकायचे होते. काम एवढेच होते. त्यात घराची शांतता, मुलीचे भवितव्य आणि सुरेंद्र वाळुंज यांची व्यवस्थापनावरची श्रद्धा पणाला लागेल, असे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोणालाही वाटले नव्हते.

त्या सॉफ्टवेअरचे नाव 'सहचर'. ते कोणी मागवले नव्हते. सुरेंद्ररावांनी कॉम्प्युटर नवा असताना फुकटातला एक फोटो लहान करायचा प्रोग्राम घेतला, त्याच्या पाठोपाठ हे आले, लग्नाला आलेल्या पाहुण्याबरोबर त्याचा मेहुणा यावा तसे. आले ते राहिले. दिवसातून तीनदा ते गोड बायकी आवाजात मराठीतून बोलायचे, "नमस्कार. कसे आहात? जेवण झाले का? आपल्या संगणकाची प्रकृती उत्तम आहे." घरातल्यांनी त्याच्याकडे लक्ष देणे केव्हाच सोडले होते.

पण रविवारी दहा वाजता निवेदिताची, म्हणजे त्यांच्या मुलीची, डिझाइन कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. वर्षातून एकदाच होणारी, घरी बसून, नोंदवलेल्या त्याच कॉम्प्युटरवर द्यायची. परीक्षेच्या प्रोग्रामने आगाऊ तपासणीत स्पष्ट कळवले की या यंत्रात मध्येच बोलणारे कोणीतरी आहे, ते काढल्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडणार नाही. निवेदिताने 'काढून टाका' दाबले. कॉम्प्युटरने ॲडमिनचा पासवर्ड मागितला.

आता ॲडमिन कोण, तर कौशल्याबाई. सुरेंद्ररावांच्या आई.

हे कसे झाले ते सांगायला हवे, कारण यात कोणाचीही चूक नव्हती, सगळे पद्धतशीर झाले होते. सुरेंद्रराव चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागाचे उपव्यवस्थापक. तिथे साधा पंखा एका खांबावरून दुसऱ्या खांबावर न्यायचा तरी मंजुरी लागते, आणि ज्याला बदल हवा त्याने ती मंजुरी स्वतः द्यायची नाही, हा पहिला नियम. एकदा ऑडिट फार चांगले गेल्याच्या भरात त्यांनी हीच शिस्त घरात आणली. ॲडमिनचे अधिकार स्वतःकडे ठेवणे नियमात बसेना. पत्नी शैला कॉम्प्युटरवर शाळेचे निकालपत्रक करायची, निवेदिता चित्रे काढायची, म्हणजे दोघींचेही हितसंबंध गुंतलेले. घरात कॉम्प्युटरला कधीही हात न लावलेली एकच व्यक्ती होती. ज्याला त्यातले काही कळत नाही त्याच्याकडे अंतिम अधिकार द्यावा, हे तत्त्व सुरेंद्ररावांनी शोधून काढलेले नाही. देशात ते आधीपासून रूढ आहे.

त्यांनी तेव्हा कौशल्याबाईंना एका बोटाने पासवर्ड टाकायला लावला आणि नियमाप्रमाणे स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वर बजावले, की कोणीही मागितला तरी कारण विचारल्याशिवाय द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही. एकदा 'का' विचारून थांबायचे नाही, पाच वेळा विचारायचे. कंपनीत आम्ही असेच मुळापर्यंत जातो. कौशल्याबाईंनी मान डोलावली. मावळातल्या खेड्यातून इथे आल्यापासून त्यांना घरात कोणी पहिल्यांदाच काही काम सोपवले होते.

शुक्रवारी संध्याकाळी सुरेंद्रराव आईच्या खाटेपाशी आले. खाट हॉलमध्येच, कॉम्प्युटरला लागून. नवरा-बायकोच्या खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती आणि निवेदिताच्या खोलीत एसी होता, तो त्यांना सोसत नसे. पासवर्ड टाक, असे त्यांनी घाईतच सांगितले. कौशल्याबाईंनी पाय पोटाशी घेतले आणि म्हणाल्या की आत्ता दिवा लावायची वेळ आहे, कामकाज उद्या.

शनिवारी शैलाने मध्यस्थी करून पाहिली. सासूने तिला माहेरच्या आडनावाने हाक मारून परत पाठवले. निवेदिता रडवेली झाली. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की सगळे पुसून नव्याने टाकावे लागेल, मग परीक्षावाले हा कॉम्प्युटर ओळखणार नाहीत. कंपनीचा लॅपटॉप होता, पण त्याची परीक्षेसाठी नोंद नव्हती, शिवाय त्यात काही घालायचे तर मंजुरी परदेशातल्या मुख्य कार्यालयातून येते आणि तिथे शनिवारी सुट्टी. सुरेंद्ररावांना आपली पद्धत किती भक्कम आहे याचा अभिमान वाटला आणि घामही फुटला.

दुपारची झोप झाल्यावर सुनावणी झाली.

"का काढायचं?" कौशल्याबाईंनी विचारले.

"परीक्षेचा प्रोग्राम चालत नाही म्हणून."

"त्यो का चालत न्हाई?"

"हे मध्येच बोलतं म्हणून."

"ह्ये का बोलतं?"

"त्याला तसं नेमून दिलंय. ठरावीक वेळेला घरातल्या माणसाची विचारपूस करायची."

"आन् त्येला का नेमलंय?"

सुरेंद्ररावांनी चष्मा पुसला. लोकांना एकमेकांसाठी वेळ नसतो, म्हणून कंपन्या असे काहीबाही बनवतात, असे ते म्हणाले.

"कुनाला येळ न्हाई?"

हा पाचवा प्रश्न 'का'चा नव्हता. त्यावर तांत्रिक हरकत घेता आली असती. सुरेंद्ररावांनी घेतली नाही. त्यांच्या कंपनीत मूळ कारणाच्या रकान्यात माणसाचे नाव कधी लिहीत नाहीत, नेहमी पद्धत लिहितात. म्हणून ते म्हणाले, "पद्धतीत त्रुटी आहे, आई."

"व्हय. आन् पद्धत तूच आनलीस."

मग कौशल्याबाईंनी शांतपणे सांगितले ते असे. बाई बोलते ती कोण कुठली त्यांना ठाऊक नाही, पण घरातले तिघे दाराला कुलूप घालून गेले की दुपारी तीच एक विचारते, जेवण झालं का म्हणून. त्या उत्तर देतात, ती ऐकत नाही हे त्यांनाही कळते. घरातली माणसे तरी कुठे ऐकतात. तिला काढायला त्यांची ना नाही, पोरीचे वर्ष बुडवायला त्या काही वैरीण नाहीत. पण तिचे काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यायचे. आणि आधी ट्रायल द्यायची. नव्या पद्धतीला ट्रायलशिवाय मंजुरी देऊ नये, हे सुरेंद्रनेच शिकवले होते.

ट्रायल झाली. सुरेंद्रराव शनिवारी संध्याकाळी आईजवळ बसले आणि म्हणाले, कशी आहेस, जेवलीस का. आवाज जरा ऑडिटरसमोरचा आला, पण आला. रविवारी सकाळी पुन्हा विचारले. गुडघा दुखतो असे उत्तर मिळाले, कोणता ते त्यांना ठाऊक नव्हते. डावा. बराच काळ दुखत होता. त्यांना खरोखर वाईट वाटले, हे इथे नोंदवले पाहिजे.

कौशल्याबाईंनी पदर खोचला, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावले आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. सहचरने जाताना काढण्याचे कारण विचारले. 'उपयोग झाला नाही', 'फार बोलते', 'दुसरे चांगले मिळाले' असे पर्याय होते. कौशल्याबाईंना एकही पटला नाही. त्यांनी 'इतर' निवडायला लावून निवेदिताकडून लिहवून घेतले, की काम चांगले होते, आता घरच्यांनी हाती घेतले आहे. सहचर गेले. दहाला प्रश्नपत्रिका उघडली, आणि पुढे निवेदिताला प्रवेशही मिळाला.

नवी पद्धत सुरुवातीला उत्तम चालली. सुरेंद्रराव कंपनीची बस पकडण्याआधी विचारत, दुपारी चाकणहून फोन करत. मग एका ग्राहकाचे ऑडिट लागले, तेव्हा दुपारचे काम शैलाकडे वर्ग झाले. शैलाची शाळेची परीक्षा आली, तेव्हा ते निवेदिताकडे गेले. निवेदिताचे कॉलेज सुरू झाले, तेव्हा ते कोणाकडेच राहिले नाही. एका आठवड्यात बऱ्याच वेळा चुकल्यावर सुरेंद्ररावांनी रीतसर कारणमीमांसा केली. त्यात निघाले, की माणसावर अवलंबून असलेली पद्धत टिकत नाही.

तेव्हा त्यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केले. "आई, कशी आहेस? जेवलीस का? गुडघा कसा आहे?" आवाज मनापासूनचा होता, गुडघ्याशी तर जरा दाटूनही आला. ते दिवसातून तीनदा आपोआप वाजवणारा प्रोग्राम त्यांनी आणला. तो बसवायला ॲडमिनची मंजुरी हवी होती. ते कारणांची तयारी करून खाटेपाशी आले, पाचही 'का'ची उत्तरे पाठ करून.

कौशल्याबाईंनी एकही 'का' विचारला नाही. त्यांनी पासवर्ड टाकला आणि कूस बदलली.

आता तिथे दुपारी एक वाजता रिकाम्या घरात सुरेंद्ररावांचा आवाज येतो आणि कौशल्याबाई म्हणतात, "बरी हाय बाबा." पद्धतीत त्रुटी राहिलेली नाही.

हे वाचून तुम्हालाही आपल्या आईला फोन करावासा वाटला असेल. चांगली गोष्ट आहे. मोबाइलमध्ये आठवणीचा गजर लावून ठेवा, नाहीतर विसराल.