समयांची जोडी, मुक्काम पुणे

आमच्या गल्लीतून कोणीही गावाला निघालं, की लांजेवार काकाजी ओसरीवरून घोषणा करतात. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची नोकरी झाली. भंडाऱ्याच्या स्टँडवरचा माइक सुटला, आवाज काही सुटला नाही. माझ्या बहिणीच्या पाठवणीला आई, मावश्या, शेजारणी सगळ्या हुंदके देत होत्या आणि काकाजी गंभीरपणे म्हणाले, "तुमसरकडे जाणारी नवरीची गाडी चाळीस मिनटं उशिरानं सुटून राहिली आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं." रडता रडता नवरी हसली. व्याह्यांनी मात्र खरंच सामान तपासलं.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाचा प्रवास हा काकाजींना आपलाच वाटतो. कोणाची काशी, कोणाची शिर्डी, कोणाची पोरीसाठी स्थळ पाहायची फेरी. सगळ्यांचं वेळापत्रक तेच आखतात. त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न असतो, "प्रवासाचा उद्देश?"

मी आणि प्रशांत त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी म्हणालो, "असंच. पुण्याले, फिरायले."

"असंच हा काही उद्देश नाही. असंच म्हणून निघालेला माणूस नागपूरले जाते अन् चप्पल घेऊन वापस येते."

प्रशांत वरठीच्या कारखान्यात आहे. सहा वर्षांपासून तो माझ्यासोबत आहे. गल्लीसाठी 'मित्र', आईसाठी 'तो वरठीचा, भूक लागली की येणारा'. मी काहीतरी थाप जुळवत होतो, तेवढ्यात तोच बोलून गेला, "काकाजी, तिथं आमच्यासारख्यायची प्राइडची मिरवणूक निघते. रात्री नाच राहते. आमाले जोडीनं जाचं आहे."

काकाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"जोडी मंजे... जोडी?"

"हो."

"मंग आधी काहून नाही सांगतलं गा? मी मघापासून दोन अलग पलंग धरून चाललो होतो!"

झालं. एवढीच त्यांची प्रतिक्रिया. मी रात्र-रात्र जागून ज्या क्षणाची भीती बाळगली होती, तो पलंगांच्या हिशेबात निघून गेला.

मग त्यांनी विचारलं, "याच्या आधी कुठं उतरले होते?"

मी नागपूरचा किस्सा सांगितला. लॉजच्या रजिस्टरात 'नातं' असा रकाना होता, तिथं आम्ही 'मावसभाऊ' लिहिलं होतं. मॅनेजरनं ते वाचून आमच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "घ्या, आणखी दोन मावसभाऊ आले." लॉबीतले सगळे हसले. सकाळी आम्ही चहाही न पिता निघालो. हा किस्सा आम्ही नेहमी हसत सांगतो. काकाजी हसले नाहीत.

"रजिस्टरात खोटी नोंद नाही कराची," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुण्याला फोन लावायला सुरुवात केली. ओसरीवर बसून, स्पीकर चालू करून. "हॅलो, भंडाऱ्याहून बोलून राहिलो! दोन पुरुष आहे. जोडी आहे. एक पलंग पाहिजे. चालते का नाही, सीधं सांगा!" मी चपला न घालता धावत गेलो. आमचं घर भिंतीला भिंत लागून, आणि आई अंगणात मिरच्या वाळवत होती.

"काकाजी, हळू! आईले माहीत नाही."

"अरे हो." त्यांनी क्षणभर विचार केला आणि पुन्हा फोन तोंडाशी धरला. "तं मी काय म्हणत होतो, समया आहे. पितळेच्या. दोन नग. अलग नाही ठेवाच्या, एकाच खोलीत ठेवाच्या."

पलीकडच्या माणसानं फोन ठेवला. काकाजी म्हणाले, "हा बाद. समजदार माणूस असता तं समजला असता."

आईनं भिंतीवरून विचारलंच, "कोणाच्या समया पुण्याले धाडून राहिले जी?"

"आहे एकाच्या. जपून न्या लागते."

नाचाच्या जागेचाही त्यांनी छडा लावला. शनिवारी जिथं 'आपल्या पोरायचा' नाच असतो त्या बारला फोन करून विचारलं, "नाच किती वाजता सुटते?" तिकडून उत्तर आलं, गर्दी झाली की सुरू, कंटाळा आला की बंद. काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कंटाळा आला की बंद? हे काय टाइमटेबल झालं?" मग त्यांनी स्वतःच वेळा ठरवून दिल्या. नऊ चाळीसला प्रवेश, दहा पंधराला एक ग्लास (एकच), दहा पन्नासला नाच, साडेअकराला परत. खाली सूचना. अनोळखी माणसानं दिलेलं पिऊ नये. मोबाइलवर ओळख झालेल्या माणसाच्या गाडीत बसू नये. पोलिसांनी अडवलं तर 'साहेब, हा आता गुन्हा नाही' असं नम्रपणे, पण दोघांनी एकदम सांगावं. प्रशांतनं खरंच सराव केला. दोघांनी एकदम म्हणायला आमचं कधी जमलंच नाही.

शेवटी एक लॉज पक्का झाला. निघायच्या आठवडाभर आधी काकाजी तीन दिवस दिसले नाहीत. दाराला कुलूप. परत आल्यावर म्हणाले, "डोळे दाखवाले गेलो होतो, नागपूरले."

पुण्याला आम्ही सकाळी उतरलो. लॉज लहानसा, दारात तुळस, काउंटरवर पन्नाशीच्या बाई. प्रशांतनं नाव सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "भंडाऱ्याचे ना? तुमचे काका येऊन गेले."

"कोण काका?"

"धोतरवाले. मागच्या आठवड्यात एसटीनं आले, हातात पिशवी. मी म्हटलं खोली देऊ का, तर नको म्हणाले. आमचं रजिस्टर पाहिलं. मग त्या खुर्चीवर दोन तास बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याशी आम्ही कसं बोलतो ते ऐकत होते. दोन मुली आल्या, त्यांना खोली दिली, तेही बघितलं. जाताना मला म्हणाले, 'माझे दोन पोरं येऊन राहिले. त्याईले हसू नका.' मी म्हटलं, काका, आमच्याकडे असे पाहुणे नेहमीच येतात. तरी आमच्या कामाच्या पोऱ्याला, झाडूवाल्या मावशीला, सगळ्यांना एकेक करून सांगून गेले. संध्याकाळच्या गाडीनं परत."

मिरवणूक छान झाली. आम्ही रस्त्यावरून हात धरून चाललो, भर दुपारी. रात्री नाचलोही, सूचना मोडून मध्यरात्रीपर्यंत. पण मनात सारखी ती खुर्ची येत होती.

परत आल्यावर मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. "काकाजी, एवढ्या लांब एसटीत बसून गेले? डोळे दाखवाले?"

ते जरा ओशाळले. सुपारी कातरत बसले. मग बोलले.

"तुह्या काकूचं अन् माह्यं लग्न कोर्टातलं. जात अलग. दोन्ही घरचे दार बंद. पहिल्या दिवशी नागपूरले लॉजात गेलो. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं तिच्या, घ्यालेच झालं नव्हतं. मॅनेजर सगळ्यायसमोर म्हणे, असल्या बाया घेऊन इथं येऊ नका. मी भांडलो. ती नाही बोलली. दिवसभर स्टँडवर पेटीवर बसून होती. रडली बी नाही. फक्त म्हणे, आता आपण कुठंच नको जाऊ." अडकित्ता थांबला. "एसटीचा पास होता मले. म्हणो, चल पचमढीले, चल समुद्र पाहू. म्हणे, घर बरं. कधीच नाही आली गा. मले वाटे, पुढच्या वर्षी मानंल."

मग त्यांनीच विचारलं, "तुमाले काउंटरवर काय म्हणे ती बाई?"

"काही नाही. नावं विचारली, नात्याच्या रकान्यात प्रशांतनं 'जोडीदार' लिहिलं. त्यांनी वाचलं, आणि चावी दिली. म्हणाल्या, पाणी गरम आहे, आंघोळ करून घ्या."

"कोणी हसलं नाही?"

"कोणी नाही."

काकाजी गल्लीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा सावकाश.