भंडाऱ्यातली हार्ड डिस्क

धनश्रीला घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं होतं. त्यासाठी तिनं माळ्यावरचा बंद पडलेला कॉम्प्युटर खाली काढायला लावला आणि त्याच्याबरोबर खुटबावातलं एक जुनं भांडणही खाली आलं.

भांडण तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, आणि शेजारच्या हरिबांचं. दोघांची मेंढरं कधीच विकली गेली, रानात ऊस आला. पण दोघांनी हौसेनं एकेक मेंढा ठेवला होता आणि एकदा ओढ्याकाठी त्यांची टक्कर लावली होती. पंच म्हणून तिसरा माणूस कुणालाच नको होता. माणूस फितूर होतो, मोबाइल होत नाही, असं ठरवून त्यांनी आण्णांच्या मुलाचा, सुरजचा मोबाइल व्हिडिओ चालू करून बाभळीला बांधला. तेव्हापासून आण्णा पारावर सांगत, आपला मेंढा जिंकला. हरिबाही त्याच पारावर सांगत, आपला. धनश्री सून होऊन आल्यापासून हेच ऐकत होती.

"अहो, मग तुम्ही व्हिडिओ बघितलाच न्हाई?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मोबाइल भरला होता, म्हणून कॉम्प्युटरात टाकला आन् ड्युटीला गेलो," सुरज म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दसरा. तवापासनं ह्यो चालूच झाला न्हाई."

का चालू झाला नाही, ते झाकण उघडल्यावर कळलं. आतला पंखा पिवळा, वायरी पिवळ्या आणि तळाशी भंडाऱ्याचा चांगला थर.

"आण्णा, ह्यात भंडारा कुणी घातला?"

"म्या. दसऱ्याला नांगर पुजला, मोटर पुजली. मग ह्येनं काय घोडं मारलंय?"

"पण वरनं लावायचा ना! आत कशाला?"

"काम आतच करतंय न्हवं त्ये?"

धनश्रीनं मऊ ब्रशनं भंडारा झाडत हार्ड डिस्क सोडवली. डिस्क चांगली वाटत होती. नवी कशाला घ्यायची? आतलं कामाचं तेवढं काढून घ्यावं आणि हीच परत बसवावी, असं तिनं ठरवलं.

"काढायचं काय त्यात? पुसून टाक," आण्णा घाईघाईनं म्हणाले. "नव्या दुकानात जुना कचरा नगं."

थोड्या वेळानं हरिबाही येऊन तेच सांगून गेले. आता मात्र धनश्रीला राहवेना. दोघंही जिंकलेले, आणि पुरावा बघायला दोघंही नाखूश! असं होतं तरी काय त्यात?

दौंडहून आणलेल्या, डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत घालून तिनं डिस्क सुरजच्या लॅपटॉपला जोडली. सासूबाई कुशाबाई पदर खोचून शेजारी बसल्या. हरिबा सहज आल्यासारखे दारात उभे राहिले. लॅपटॉपनं पहिल्याच झटक्याला विचारलं, डिस्क फॉरमॅट करू का?

"काय म्हनतंय?" आण्णांनी विचारलं.

"सगळं पुसू का म्हणतोय."

"मग व्हय म्हन की! शानं दिसतंय यंत्र."

धनश्रीनं नाही म्हटलं आणि हरवलेल्या फायली शोधायचा प्रोग्राम लावला. फायली सापडल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडत जावं लागलं. बारशाचे फोटो निघाले, उसाचे निघाले, आणि अखेर बाभळीवरून दिसणारा ओढा निघाला.

दोन्ही मेंढे समोरासमोर उभे राहिले. एकमेकांना हुंगलं आणि शेजारी शेजारी चरायला लागले. आण्णांनी ढकललं, हरिबांनी शिट्ट्या घातल्या, मेंढे ढिम्म. मग आण्णांनी पटका काढून ठेवला आणि ते हातापायांवर ओणवे झाले. "बघ रं लेका, अशी द्यायची!" समोरून हरिबाही ओणवे झाले. दोघं मान खाली घालून एकमेकांवर धावले आणि मेंढे रवंथ करत बघत राहिले.

कुशाबाईंनी तोंडात पदर कोंबला. सुरज भिंतीकडं तोंड करून हसायला लागला.

"पोरी, पूस त्ये," आण्णा आणि हरिबा एकदमच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"पुसंल ती," कुशाबाई डोळे टिपत म्हणाल्या. "पन जिकलं कोन?"

सगळे पुन्हा पडद्याकडं वळले. ऐन धडकेच्या वेळी एका मेंढ्यानं बाभळीच्या शेंगांसाठी मोबाइलसमोरच तोंड वर केलं होतं. पडदाभर नुसती लोकर. मागून धप्प असा आवाज आला आणि कुणीतरी कळवळलं, "आई गं!"

"हरिबा, त्यो आवाज तुझा!"

"माझा? आण्णा, गळा वळख की सोताचा!"

हसू आवरत धनश्रीनं फाइल पुसायला घेतली, तसा आण्णांनी माउसच उचलला. "पुसायचं न्हाई! पुरावा हाय त्यो."

"अजाबात न्हाई," हरिबा म्हणाले. "समद्या गावाला ऐकव."

दुकान ठरल्या मुहूर्तावर सुरू झालं. दारात चपलांचा ढीग पडलेला बघून धनश्रीला भरून आलं. तिनं पहिल्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिली आणि विचारलं, "कुठला फॉर्म भरायचाय, मामा?"

"फॉर्म न्हाई," ते खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "ती 'आई गं'ची आरोळी तेवढी लाव. कुनाची त्यावर आमच्यात पैज लागलीय."