सहाव्या सैनिकाचं पिस्तूल

बावीस घ्यायचं की बत्तीस, हे ठरेपर्यंत घरात दुसरं काहीही ठरणार नाही, असं हैबतराव घरतांनी जाहीर केलं, त्याला आता सोळा दिवस झाले होते. त्यामुळे माळ्यावरचा पंखा बंदच होता आणि धाकट्या साडूच्या वास्तुशांतीला जायचं की नाही, हेही अधांतरी होतं.

हैबतराव नागोठण्याच्या कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. पेणला रामवाडीत त्यांच्या बायकोचा, बायजाबाईंचा, गणपतीचा कारखाना. मूर्तींचे डोळे रेखायचं काम, म्हणजे आखणी, गेली चाळीस वर्षं बायजाबाईंकडे. हैबतरावांनी एकदाच, सात वर्षांपूर्वी, हौसेने ब्रश उचलून एका उंदराचे डोळे काढले होते. त्या उंदराचा एक डोळा मोदकावर होता आणि दुसरा गिऱ्हाइकावर. तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त माल ठेवण्या-पाठवण्याची व्यवस्था होती. ती मात्र त्यांनी कंपनीच्या शिस्तीत लावली. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं, ‘ज्या फळीवरचा माल, त्या फळीच्या गाडीत. विचारपूस नको.’

आपला हात कामाचा आहे, हे एकदा तरी घराला दाखवायचं, हा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी रोह्याच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. एका जागी उभं राहून नेम धरायचा तसला हा प्रकार नव्हता. यात पळायचं, आडोशामागून वाकायचं आणि घड्याळ चालू असताना लोखंडी पाट्या पाडायच्या. क्लबाचे निकेश सर एवढंच म्हणाले होते, “काका, रविवारी अकराला यादी जाणार. नावापुढे कॅलिबर लिहायचं. एकदा गेलं की बदलत नाही, आणि पुढची यादी पुढच्या वर्षी.”

“बावीस आणि बत्तीसमध्ये फरक काय?”

“बावीसचा झटका कमी, दुसरी गोळी लवकर सुटते. पण गोळी हलकी, कडेला लागली तर पाटी पडत नाही. बत्तीस पाडते, पण हात उडवते. जे पिस्तूल मुठीत नीट बसेल ते घ्या.”

आता परवान्याआधी पिस्तूल हातात कोण देणार? पण हैबतराव पेणचे होते. त्यांनी सुनेकडून, समीक्षाकडून, शाडूची दोन पिस्तुलं करून घेतली. मापं तंतोतंत. वजन बरोबर यावं म्हणून पोटात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरल्या. रंगही हुबेहूब हवा, कारण गुळगुळीत रंगावर पकड वेगळी लागते, हे त्यांचं म्हणणं. समीक्षाने काळा रंग देऊन वर अशी झळाळी आणली की ती पिस्तुलं शेजारच्यांनी लांबूनच पाहिली.

मग सकाळ-संध्याकाळ गच्चीवर सराव सुरू झाला. हैबतराव पाण्याच्या टाकीमागून वाकून येत, वाळत घातलेल्या चादरीवर नेम धरत आणि तोंडाने आवाज काढत.

“अवो, चालताना तुमच्या हातातला चहा बशीत येतो,” बायजाबाई खालून म्हणाल्या. “पळताना गोळी कुठं जायची?”

“बत्तीसच घेणार,” हैबतराव म्हणाले. “बावीस म्हंजे पोराटोरांचं काम.”

“कालच्याला बावीस म्हनत होतात.”

“काल काल होता.”

शनिवारी संध्याकाळी सराव संपवून त्यांनी दोन्ही पिस्तुलं खाली आणली आणि जिथे हातभर जागा दिसली तिथे ठेवली. ती फळी रोह्याच्या एका मंडळाची होती. मंडळाचा यंदाचा देखावा सीमेवरचा, त्यासाठी सहा सैनिक तयार झाले होते. पाच सैनिकांच्या हातात बंदुका होत्या. सहावा त्यांचा अधिकारी, त्याचा हात पुढे आणि मूठ रिकामी. त्यात मंडळ झेंडा देणार होतं.

रविवारी सकाळी आठला येणारा टेम्पोवाला मितेश सातलाच आला. समीक्षाने फळीवरचा सगळा माल पेंढ्यात बांधून दिला. विचारपूस केली नाही. सहाव्या सैनिकाचे डोळे मात्र राहिले होते, ते रोह्याला जाऊन करायचे म्हणून बायजाबाईंनी रंग-ब्रशांची डबी पिशवीत टाकली.

साडेसातला हैबतराव फळीपाशी उभे होते. फळी रिकामी होती.

“समीक्षा, माझी पिस्तुलं?”

“सैनिकांबरोबर गेली, बाबा.”

“अगं, ती माझी व्हती.”

समीक्षाने भिंतीकडे बोट केलं. हैबतरावांनी स्वतःचंच अक्षर वाचलं आणि स्कूटर काढली. मागे डबी सांभाळत बायजाबाई बसल्या.

वडखळला नाकाबंदी होती. टेम्पो कडेला, त्याचा पेंढा रस्त्यावर आणि मितेश हात जोडून उभा. एका हवालदाराने बत्तीस रुमालात नळीकडून धरलं होतं आणि ते अंगापासून शक्य तेवढं लांब ठेवलं होतं.

“साहेब, ते मातीचं हाय,” हैबतराव धापा टाकत म्हणाले.

“मातीचं? वजन बघा याचं.”

“वजन मीच बरोबर करून घेतलंय.”

हे वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना लगेच कळलं. हवालदाराने साहेबांना हाक मारली. साहेब म्हणाले, “मातीचं आहे ना? मग फोडून दाखवा.”

पिस्तुलं मुठीत कशी बसतात, ते हैबतरावांना निकेश सरांना दाखवायचं होतं आणि अकराला फक्त अडीच तास उरले होते. पण हैबतराव बत्तीसवर ठाम होते. बत्तीस वाचवायचं, असं ठरवून त्यांनी टेम्पोतलं बावीस उचललं आणि रस्त्यावर आपटलं. ते फुटलं, आणि आतून शिशाच्या पंचवीस-तीस गोळ्या घरंगळत हवालदाराच्या बुटापाशी गेल्या.

“साहेब, गोळ्या!” हवालदार ओरडला. मागच्या एसटीतले प्रवासी पटापट खिडक्यांखाली बसले.

“अवो, जाळ्याचं शिसं हाय ते,” हैबतराव सांगत होते, पण आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. साहेबांनी फोन काढला.

तेव्हा बायजाबाई स्कूटरवरून उतरल्या. त्या थेट हवालदारासमोर, पिस्तुलाच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नळीच्या टोकावर बोट ठेवलं.

“ह्याला भोकच नाय,” त्या म्हणाल्या. “काळा ठिपका हाय. माझ्या सुनेनं दिलाय. इतक्या जणांत एकानं समोरून बघितलं नाय?”

कोणीच बघितलं नव्हतं. पिस्तुलाच्या समोर उभं राहून बघायची कुणाची तयारी नव्हती. साहेबांनी स्वतः नखाने ठिपका खरवडला, पांढरी माती पाहिली, पिस्तूल परत दिलं आणि फोन खिशात ठेवला. एसटीतले लोक पुन्हा सीटवर बसले. मितेश पेंढा गोळा करू लागला.

रोह्याच्या क्लबावर ते अकराला दहा मिनिटं कमी असताना पोहोचले. हवालदाराच्या रुमालाने नळीचा रंग उडाला होता. कारखान्यातून गेलेला माल असा उघडा दिसणं बायजाबाईंना सहन होईना. त्यांनी ओट्यावर डबी उघडून नळी पुन्हा रंगवली आणि लुगड्याला डाग नको म्हणून पिस्तूल मुठीला धरून हात लांब करून वाळवत उभ्या राहिल्या.

“काका, यादीत लिहिण्याआधी पाच गोळ्या मारा,” निकेश सरांनी हवेचं पिस्तूल पुढे केलं.

हैबतरावांनी श्वास रोखला. पहिली गोळी पाटीच्या डावीकडे गेली, दुसरी उजवीकडे, तिसरी कुठे गेली ते कळलं नाही. चौथी शेजारच्या पाटीला लागली आणि पाचवी आधीच्या तिघींच्या मार्गाने गेली. हैबतरावांनी वळून पाहिलं तर सर त्यांच्याकडे बघतच नव्हते.

“काकू,” सर म्हणाले, “तुम्ही किती वेळ असा हात धरून उभ्या आहात?”

“रंग वाळेस्तोवर.”

“हात हलत नाही तुमचा.”

“हलला तर डोळा वाकडा होतो.”

सरांनी हवेचं पिस्तूल त्यांच्याकडे दिलं. बायजाबाईंनी बत्तीस नवऱ्याच्या हाती सोपवलं, पदर खोचला आणि पाचच्या पाच पाट्या पाडल्या. मग सरांनी पळायला सांगितलं. ओल्या मूर्तींच्या फळ्यांमधून चाळीस वर्षं धक्का न लावता पळालेल्या बाईला दोन लाकडी आडोसे म्हणजे काहीच नव्हतं.

“यादीत तुमचं नाव घालतो, काकू. कॅलिबर कोणतं? बत्तीस?”

“बारीकच लिहा. डोळ्याला जाडा ब्रश कोन घेतं?”

“पण बावीस कडेला लागलं तर पाटी पडत नाही.”

“मंग मधीच मारायची.”

सोळा दिवसांचा प्रश्न असा सोळा सेकंदांत सुटला. हैबतरावांना राग आला होता, आणि खोटं कशाला, अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही एकदम आल्याने काय करावं ते सुचेना. बायको दुसऱ्या फेरीत रमली होती. त्यांनी गुपचूप ब्रशांची डबी उचलली, बत्तीस बगलेत मारलं आणि दोन गल्ल्या सोडून मंडळाच्या मांडवात गेले. डोळे तरी आज आपण करायचेच.

तासाभराने बायजाबाई मांडवात आल्या, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष आदेश सहाव्या सैनिकासमोर कंबरेवर हात ठेवून उभे होते. सैनिकाचा उजवा डोळा ठीक होता. डावा काढताना हात थरथरला होता, तो सावरायला वरून एक रेघ, मग खालून एक रेघ, असं करता करता डोळा जवळजवळ मिटला होता. आणि पुढे केलेल्या रिकाम्या मुठीत, रंगवताना हात मोकळे राहावेत म्हणून अडकवलेलं, बत्तीस होतं. या पंधरवड्यात ते पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातात बरोबर बसलं होतं.

“काकी,” आदेश म्हणाले, “बाकीचे पाच नुसते उभे हायत. ह्यानं बघा, एक डोळा मिटून नेम धरलाय. झेंडा नको आता.”

बायजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “डावा डोळा कुनी केला?”

“मी,” हैबतराव म्हणाले.

बायजाबाईंनी डबीचं झाकण लावलं आणि ती हैबतरावांच्या हातात दिली.

“दर रविवारी मी इथं क्लबात येनार,” त्या म्हणाल्या. “रविवारचे सैनिक तुमी करा. उंदरांना मात्र हात लावायचा नाय.”