तीन शिट्ट्यांची रचना

गंगापूर रोडवरच्या श्रवण मंडळाचं अध्यक्षपद देवरामरावांना हवं होतं, आणि ते आज संध्याकाळच्या व्याख्यानावर ठरणार होतं. विषय होता, 'आधुनिक पाश्चात्त्य वाद्यवृंदातील आकृतिबंध आणि रचनातंत्र'. पुतण्यानं जर्मनीहून धाडलेल्या कॅसेटवर त्यांनी अकरा पानं टिपणं काढली होती. कॅसेट मात्र शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. दुसऱ्याच मिनिटाला डोळा लागायचा. टिपणं सोबतच्या माहितीपत्रकावरून उतरवलेली.

पुण्याहून आलेले समीक्षक पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले. देवरामरावांनी कॅसेट लावली. व्हायोलिनं दोन मिनिटं कुरकुरली, मग खट्ट झालं आणि नुसती खरखर सुरू झाली. त्यांनी घाईनं टिपणं चाळली; खरखर कुठेच नव्हती. पण सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या हेडक्लार्कला मूळ कागद सापडला नाही तरी शेरा मारता येतो. "ही शांतता," ते म्हणाले, "रचनाकारानं मुद्दाम योजलेली आहे."

मग कुकरची शिट्टी झाली.

ही शिट्टी देवरामराव रोज सकाळी साडेआठला आपल्याच स्वयंपाकघरातून ऐकत. बायकांच्या रांगेत त्यांच्या पत्नीनं, सुमनबाईंनी, पदर तोंडाला लावला. भजनी मंडळाची तालीम टेप करायला त्यांनी हीच कॅसेट घातली होती, आणि त्या दिवशी मंडळातली एकही बाई वेळेवर फिरकली नव्हती; टेप मात्र चालूच राहिला होता. खरं सांगून मोकळं व्हावं, असं देवरामरावांना अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात समीक्षकांनी मान डोलावली.

"हा मुख्य स्वरबंध," देवरामराव बोलून गेले. दुसऱ्या शिट्टीला त्यांनी पुनरावृत्ती म्हटलं, तिच्या लांबीत विकास दाखवला. तिसरी झाली तशा पाचसहा बायका सवयीनं गॅस बंद करायला उठल्या. श्रोते भारावले असं वाटून समीक्षकही उठले, आणि ते उठले म्हणून सगळी सभा उठली. बराच वेळ टाळ्या चालल्या.

"चौथ्यांदा न येण्यातच खरी प्रतिभा आहे," समीक्षक म्हणाले. अध्यक्षपद तिथल्या तिथे जाहीर झालं. पुढच्या महिन्यात कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर व्याख्यान ठरलं.

अशोक स्तंभापाशी स्कूटरवर मागे बसलेल्या सुमनबाई पुढे वाकल्या.

"अहो, दुसऱ्या बाजूला तुमचं दुपारचं घोरणं आहे. तुमचा विश्वास बसत नव्हता, म्हणून मीच टेप केलं होतं."

देवरामरावांनी स्कूटर कडेला घेतली. उद्या सकाळीच राजीनामा द्यावा की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"सलग आहे का मधे थांबलंय?"

"मधे मधे थांबलंय."

"मग चालेल," म्हणत त्यांनी किक मारली.